गळती कुठंय?

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका दूध शीतकरण केंद्रावर फिटर होते. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं तेव्हा म्हशीच्या अंगाची ऊब त्यात असायची. ते ४ अंशांवर आणायचं आणि टँकर येईपर्यंत तिथंच ठेवायचं, एवढं आप्पांचं काम. केंद्रावर ‘डिग्री’ हा शब्द दोन अर्थांनी चालायचा. एक डिग्री थर्मामीटरची, दुसरी लॅक्टोमीटरची, म्हणजे दुधात कुणी पाणी घातलंय का ते सांगणारी. मी सांगलीला मेकॅनिकल इंजिनिअर झाले तेव्हा घरात तिसरी डिग्री आली. पुढं खरगपूरच्या आयआयटीत क्रायोजेनिक्स शिकले, २००० साली नेदरलँड्सला आले, आणि तेव्हापासून एकच धंदा करतेय: अवकाश दुर्बिणींसाठी अतिवाहक संवेदक घडवणं, तपासणं आणि गार ठेवणं.

आप्पा फोनवर विचारायचे, “आज किती डिग्रीवर हैस?” मी सांगायची, उणे २७३.१०. निरपेक्ष शून्याच्या वर फक्त ०.०५ केल्व्हिन. आकाशाची काळी पोकळीसुद्धा २.७ केल्व्हिनवर असते, त्या मानानं आमचा डबा कितीतरी गार. आप्पांना त्याचं फार कौतुक नव्हतं. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: “गळती कुठंय?”

पंचवीस वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरं सापडली, ती खाली लिहिलीत. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. गार करणं यंत्राचं काम, गार ठेवणं आपलं

नवीन मुलं आली की कूलरच्या प्रेमात पडतात. पल्स ट्यूब कूलर ‘चूंऽ चूंऽ’ करत ३-४ केल्व्हिनपर्यंत नेतो. त्याच्या पुढं चुंबक आणि क्षार यांची जोडगोळी कामाला लागते: चुंबकीय क्षेत्र वाढवताना क्षार तापतो, ती उष्णता बाहेर काढून घ्यायची, मग क्षेत्र हळूहळू उतरवायचं, की क्षार गारठत जातो. बघायला मजा येते. पण ०.०५ केल्व्हिनला हे यंत्र सलग उचलू शकतं ती उष्णता एखाद्या मायक्रोवॉटच्या घरातली. ६० वॉटच्या दिव्याचे सहा कोटी भाग केले तर त्यातला एक. म्हणजे चुकीच्या जागी तांब्याची एक तार राहिली तरी खेळ खलास.

म्हणून आमचा थंड भाग केव्हलारच्या दोऱ्यांवर लटकलेला असतो. त्या ताण घेतात आणि उष्णता फारशी नेत नाहीत. तारा नायोबियम-टायटॅनियमच्या असतात. अतिवाहक अवस्थेत या तारा वीज विनाअडथळा जाऊ देतात आणि उष्णतेला जवळपास दारातच अडवतात. हे आप्पांना समजावायला मला जड गेलं नाही. शेताच्या कुंपणात माणूस आडवा होऊन निघेल एवढी फट ठेवतात. माणूस जातो, म्हैस अडते.

२. दूध उतू जायच्या बेतात असतं तेव्हाच लक्ष लागतं

आमचा संवेदक म्हणजे धातूची शे-दोनशे नॅनोमीटर जाडीची पापुद्र्यासारखी फिल्म. एका ठरावीक तापमानाखाली तिचा विद्युत रोध शून्य होतो, त्याच्या वर तो साधारण धातूसारखा असतो, आणि या दोन्हींच्या मध्ये एक चिंचोळी पायरी असते, केल्व्हिनच्या हजाराव्या भागाएवढी. फिल्म त्या पायरीवर उभी ठेवायची. दुरून आलेला एक क्ष-किरणांचा फोटॉन तिच्यात शोषला गेला की इवलीशी ऊब वाढते आणि रोध एकदम चढतो. गॅसवरचं दूध कडेपर्यंत आलंय, आता आच नखभर वाढली तरी ओट्यावर येणार, अशी ती अवस्था. त्याआधी तासभर दूध तापत असतं, कुणी ढुंकून बघत नाही.

गंमत अशी की ही कल्पना जुनी आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डोनाल्ड अँड्र्यूज यांनी १९४० च्या दशकातच असे संवेदक करून दाखवले होते. मग पन्नास वर्षं ते कपाटात का पडले? एकतर त्या पायरीवर फिल्म टिकायची नाही, दूध उतू जायचं किंवा खाली बसायचं. दुसरं म्हणजे इतक्या कमी रोधातून येणारा क्षीण प्रवाह मोजण्याजोगं यंत्र नव्हतं. ते यंत्र, स्क्विड, १९६० च्या दशकात दुसऱ्याच कामातून जन्मलं. आणि १९९५ मध्ये केंट अर्विन यांनी दाखवलं की फिल्मला ठरावीक प्रवाहाऐवजी ठरावीक व्होल्टेज दिलं तर ती स्वतःच स्वतःला सांभाळते: ऊब वाढली की रोध वाढतो, रोध वाढला की विजेमुळं होणारं तापणं कमी होतं, आणि फिल्म परत जागेवर येते. दूध वर आलं की गॅस आपोआप बारीक व्हावा, तसं. एवढ्या साध्या युक्तीला अर्धं शतक लागलं. माझ्या मते आमच्या क्षेत्रातली ही सगळ्यात देखणी युक्ती.

फिल्म कुठल्या तापमानाला पायरीवर येईल हे ठरवायची पद्धत तर आप्पांच्या केंद्रावरचीच. नुसतं टायटॅनियम ०.४ केल्व्हिनच्या आसपास अतिवाहक होतं. आम्हाला हवं ०.१ केल्व्हिन. मग टायटॅनियमवर सोन्याचा थर द्यायचा. सोनं अतिवाहक होत नाही, आणि त्याच्या संगतीनं टायटॅनियमचीही डिग्री उतरते. थर जितका जाड तितकी डिग्री खाली. आप्पा यावर पोटभर हसले होते. “म्हंजे सोनं हे तुमचं पाणी म्हणायचं!”

या भेसळीचा हिशेब मात्र चोख निघतो. क्ष-किरणांच्या दुर्बिणीत वापरला जाणारा चांगला सीसीडी ५,९०० इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन मोजताना शे-सव्वाशे इलेक्ट्रॉनव्होल्ट इकडंतिकडं होतो. ही फिल्म दोनेक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अचूकतेनं सांगते. तापलेल्या वायूतलं लोह कुठल्या वेगानं हेलकावतंय ते मग त्या आकड्यातून वाचता येतं.

३. जे शोधायचंय ते आपणच सोडून बघावं

हा मुद्दा मला सात महिन्यांना पडला.

दूर-अवरक्त किरणांसाठी आम्ही जे संवेदक करत होतो, त्यांच्याकडून अपेक्षा अशी होती: एका वॉटचे अब्ज भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा अब्ज भाग करा, आणि त्यातल्या एकाचाही पाचवा हिस्सा एका सेकंदाच्या मोजणीत कळला पाहिजे. कागदावर आमची रचना तिथवर पोचत होती. क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष गार पेटीत, मात्र गोंगाट दुप्पट. शिवाय संवेदक हिशेबापेक्षा कमी शक्तीलाच भरून जायचे, जणू त्यांच्या ताटात आधीच कुणीतरी वाढून ठेवलंय.

आम्ही संवेदकांवरच संशय घेतला. ज्या सिलिकॉन नायट्राइडच्या पडद्यावर ते तरंगतात त्याची जाडी बदलली. फिल्मची कृती बदलली. तीन नव्या चिप झाल्या. प्रत्येक वेळी गार करायला आणि परत गरम करायला दोन आठवडे. गोंगाट ढिम्म.

एका रविवारी आप्पांना फोनवर हे सगळं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांना तेव्हा निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. म्हणाले, “गंधकाची काडी फिरवलीस का?”

ज्यांनी अमोनियाचा प्लँट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. अमोनिया गळू लागला की वास सगळीकडं भरतो, डोळे झोंबतात, पण नेमकं कुठल्या जोडातून येतोय ते कळत नाही. तेव्हा फिटर गंधकाची काडी पेटवून पाइपाच्या कडेकडेनं फिरवतो. जिथं गळती तिथं काडीच्या धुराला अमोनिया भेटतो आणि पांढराशुभ्र ढग उमटतो. वासाच्या मागं धावायचं नाही, आपण काहीतरी हिंडवायचं आणि ते कुठं उत्तर देतं ते बघायचं. आमच्याकडंही निर्वात पेटीची गळती शोधताना हेच करतात. बाहेरून हेलियम फवारतात आणि आत हेलियम ओळखणारं यंत्र लावतात. हे मी शेकडो वेळा केलं होतं. पण प्रकाशाची गळती अशीच शोधता येईल, हे डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संवेदकांकडं बघणंच सोडून दिलं. त्यांच्या डब्याबाहेर ४ केल्व्हिनची जी थाळी होती, तिच्यावर एक छोटा हीटर लावला आणि थाळी हळूहळू ५, ६, ७ केल्व्हिनवर नेली. डब्यातलं तापमान तसूभरही हललं नव्हतं. तरी संवेदकांचं ताट भरत गेलं. पांढरा ढग उमटला! थाळी स्वतः दूर-अवरक्तात मिणमिणत होती आणि तो उजेड बंद डब्यात शिरत होता.

कुठून? डब्यातली हवा उपसली जावी म्हणून झाकणात दीड मिलिमीटरचं एक भोक होतं. सरळसोट. ड्रॉइंगवर सही माझी.

नवं झाकण करताना रायगडाचा महादरवाजा आठवला. समोरून येणाऱ्याला दार दिसतच नाही. दोन बुरुजांच्या मधून वळून गेल्यावर ते पुढ्यात येतं. आम्ही हवेची वाट तशीच वळणावळणाची केली आणि भिंतींना काळ्या इपॉक्सीचा लेप दिला, त्यात सिलिकॉन कार्बाइडचे दाणे, सँडपेपरवर असतात तसले. हवेचे रेणू आपटत आपटत बाहेर पडतात. उजेड दोन-चार टकरांतच जिरतो. पुढच्या वेळी गार केलं तेव्हा गोंगाट हिशेबात बसला. त्या चाचणीच्या अहवालात ‘गंधक-काडी चाचणी’ असं मी मराठीत लिहिलं होतं. एका इटालियन सहकाऱ्यानं विचारलं, हे कुणाचं नाव?

४. हातात चिमटा असताना फोन उचलू नये

एक चिप. सहा महिन्यांचं काम. पडदा एका मायक्रोमीटरहून पातळ. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

५. गेरिट फ्लिमची आठवण ठेवावी

२०१० साली आप्पा आणि आई एकदाच इकडं आले. ट्युलिपच्या बागा, पवनचक्क्या झाल्या. मग मी त्यांना लायडनच्या बुरहाव संग्रहालयात नेलं. हाइके कामर्लिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी ज्या यंत्रसामग्रीनं जगात पहिल्यांदा हेलियम द्रवरूप केला, ती तिथं ठेवलीय. त्याच हेलियमच्या जोरावर १९११ मध्ये लायडनलाच पाऱ्याचा रोध ४.२ केल्व्हिनजवळ अचानक नाहीसा झालेला दिसला आणि अतिवाहकता सापडली. माझ्या पोटापाण्याचा उगम म्हणाल तर तो काचेचा आणि पितळेचा ढिगारा.

मी आईला नोबेल वगैरे सांगत होते. आप्पा पुढं वाकून नळ्यांचे जोड बघत होते. म्हणाले, “हे कुणी केलं?” मी सांगितलं, ओनेस. “न्हाई गं. हे जोड कुणी केले?”

मला तेव्हा उत्तर आलं नाही, याची अजून लाज वाटते. नंतर वाचून काढलं. यंत्रसामग्रीची सूत्रं गेरिट फ्लिम यांच्या हाती होती. काचेचं काम ऑस्कर केसलरिंग यांचं. पाऱ्याच्या रोधाची मोजणी करत होते गिलेस होल्स्ट. शोधनिबंधावर नाव एकट्या ओनेस यांचं. पण ओनेस यांना या हातांची किंमत नव्हती असं म्हणता येणार नाही: काचकाम आणि यंत्रकाम शिकवणारी शाळा त्यांनी १९०१ साली लायडनमध्ये काढली आणि ती आजही चालू आहे. तिथली पोरं आमच्याकडं येतात. नवा डबा करायचा असला की मी ड्रॉइंग पक्कं करायच्या आधी वर्कशॉपमध्ये जाते. पीएच.डी. झालेली मुलं ड्रॉइंग ईमेलनं पाठवतात आणि मग तक्रार करतात की आटे नीट बसत नाहीत.

६. एक कॉम्प्रेसर बंद पडला तर दुसरा लगेच चालू करू नये

हर्शेल दुर्बीण १४ मे २००९ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून निघाली. भारतात तेव्हा संध्याकाळचे पावणेसात, म्हणजे केंद्रावर सायंकाळच्या दुधाची वेळ. हर्शेलवरच्या हायफाय या उपकरणात नायोबियमवर आधारलेले अतिवाहक मिक्सर होते, दोनेक केल्व्हिनवर चालणारे. येणाऱ्या लहरींमधून रेडिओसारखी एकेका रेणूची वारंवारता निवडायची त्यांची करामत. देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी मिळून ते केले होते. त्यातल्या काहींच्या चाचण्यांत मी होते, अगदी खालच्या पायरीवर.

ऑगस्ट २००९ मध्ये हायफाय बंद पडलं. अवकाशातून आलेल्या एका कणानं नियंत्रण पेटीच्या स्मृतीत एक आकडा फिरवला आणि त्यातून पुढं वीज देणारा एक भाग निकामी झाला. दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. तिथं फिटर पाठवता येत नाही. प्रत्येक नियंत्रण पेटीची एक जुळी पेटी राखीव होती. चालू का करत नाही, असं मलाच वाटायचं. पण मंडळींनी हात आवरला. असंच पुन्हा घडू नये याची तजवीज होईपर्यंत राखीव पेटीला कुणी शिवलं नाही. जानेवारी २०१० मध्ये ती सुरू झाली.

आप्पांना यात नवल वाटलं नाही. पहिला कॉम्प्रेसर का गेला हे कळायच्या आत दुसरा चालू करणाऱ्या फिटरला ते घरी पाठवायचे म्हणे.

त्या राखीव पेटीवर हायफायनं पुढं तीन वर्षं काम केलं. २०११ मध्ये त्याच्या निरीक्षणांतून निघालेली एक बातमी मी फोन करून सांगितली: हार्टली २ नावाच्या धूमकेतूवरच्या पाण्यात जड पाण्याचं प्रमाण पृथ्वीवरच्या समुद्रासारखंच निघालं. आप्पा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “जलमभर मी दुधात पाणी हुडकलं, तू कुठं कुठं हुडकतीयास!” एप्रिल २०१३ मध्ये हर्शेलमधला हेलियम संपला. माठ झिरपतो म्हणून पाणी गार राहतं, आणि झिरपायला काही उरलं नाही की माठ तापतो. तसंच.

७. दुसऱ्याचा हेलियम गेला तरी आपली झोप उडावी

जपान आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांसाठी एक मायक्रोकॅलरीमीटर तयार केला होता. त्यातले थर्मामीटर अतिवाहक नव्हेत, सिलिकॉनचे. पण गारवा आमच्याच जातीचा. पहिला उपग्रह अॅस्ट्रो-ई फेब्रुवारी २००० मध्ये कक्षेतच पोचला नाही. दुसरा, सुझाकू, १० जुलै २००५ ला गेला. उपकरण ०.०६ केल्व्हिनवर आलं, सगळे खूश झाले, आणि ८ ऑगस्टला हेलियम संपला. कारण वाचलं तेव्हा मी प्रयोगशाळेतून उठून बाहेर जाऊन उभी राहिले. टाकीतून बाहेर सोडलेला हेलियम वायू उपग्रहाच्या पोटातून फिरून परत टाकीभोवतीच्या निर्वात पोकळीत शिरला. जी पोकळी उष्णता अडवायची, तिनंच ती आत पोचवली. गळती बाहेरून आत.

तिसरा, हितोमी, फेब्रुवारी २०१६ मध्ये गेला आणि मार्चअखेर तुटला. तेवढ्या आठवड्यांत त्यानं पर्सियस दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूची ढवळाढवळ मोजली: सेकंदाला १६४ किलोमीटर, अपेक्षेपेक्षा संथ. चौथा, एक्सरिझम, सप्टेंबर २०२३ मध्ये गेला. त्याच्या खिडकीवरचं संरक्षक दार उघडायला तयार झालं नाही, म्हणून कमी ऊर्जेचे किरण अडतात. बाकी उपकरण उत्तम चाललं.

हे मी तरुण मुलांना धीर द्यायला सांगत नाही. पहिल्या प्रयत्नात जे ऐन तिशीत होते, ते चौथ्यात साठीला टेकले होते. या धंद्यात येताना हा हिशेब आधी करावा आणि नको वाटलं तर खुशाल दुसरीकडं जावं.

८. वहीत वेळ लिहावी

आकडे सगळेच लिहितात. मी घड्याळ लिहिते, कारण २००४ साली एका स्क्विडचा सिग्नल रोज मधूनच उडी मारायचा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा कोट्यंशही ज्याला कळतो त्याला कशानं उचकी लागली, काय सांगावं! तीन आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं: उड्या पावणेनऊला, बाराच्या सुमारास आणि पाचला. पलीकडची लिफ्ट. तिचं लोखंडी वजन वर-खाली व्हायचं आणि आमचं विश्व हलायचं. ढाल बदलेपर्यंत महत्त्वाच्या मोजण्या आम्ही रात्री केल्या.

९. पुरात संकलन थांबतं

तिसऱ्या मुद्द्यातला डबा ज्या मोहिमेसाठी होता तिचं नाव स्पिका. अडीच मीटरची दुर्बीण ८ केल्व्हिनच्याही खाली गार करून पाठवायची, जपान आणि युरोपनं मिळून. तिच्यातल्या सफारी या वर्णपटमापकाचे संवेदक हे माझं बारा वर्षांचं काम. ऑक्टोबर २०२० मध्ये स्पिका स्पर्धेतून बाद झाली. कारण पैशाचं होतं. करोनाचे दिवस, बातमी स्वयंपाकघरात बसून लॅपटॉपवर ऐकली.

तीन आठवडे मी प्रयोगशाळेचं नाव काढलं नाही. क्रायोस्टॅट तिकडं एकटा चूं-चूं करत होता. आप्पांना सांगितलं. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला होता, रस्ते पाण्याखाली, टँकर बंद, दूध जागच्या जागी. ते म्हणाले, “संकलन बंद पडलं म्हणून म्हशी दूध द्यायच्या थांबल्या व्हय? धार काढावीच लागती. न्हाईतर कास सुजती.”

चौथ्या आठवड्यात गेले. त्या संवेदकांची मोजणी पूर्ण केली, अर्धवट निबंध संपवले. महादरवाजाची युक्ती आज दुसऱ्या दोन उपकरणांच्या डब्यांत आहे. दूर-अवरक्तातली आशा आता अमेरिकेच्या प्रिमा या प्रस्तावावर आहे. २०२४ मध्ये पुढच्या अभ्यासासाठी निवडलेल्या दोनांपैकी तो एक. तिथले संवेदक वेगळ्या जातीचे अतिवाहक, कायनेटिक इंडक्टन्स डिटेक्टर. २००३ मध्ये कॅल्टेक-जेपीएलच्या गटानं ते जगापुढं आणले. प्रत्येक संवेदकाला आपापली वारंवारता असते, त्यामुळं एकाच तारेवर शेकडो संवेदक ऐकता येतात. गळ्यातल्या घंटेच्या आवाजावरून गुराख्याला न बघता कळतं की कुठली गाय मागं राहिली. तारा कमी म्हणजे उष्णतेला वाटा कमी. मला वयाच्या पन्नाशीत ते सगळं नव्यानं शिकावं लागलं, आणि खरं सांगायचं तर विशी-पंचविशीतली पोरं माझ्याहून भराभर शिकतात.

१०. पुढचं ड्रॉइंग

“आपल्याकडं असलं काही होतं का?” असं गावाकडं गेले की कॉलेजातली मुलं विचारतात. मुंबईच्या टीआयएफआरनं हैदराबादहून बलूनखाली एक मीटरची अवरक्त दुर्बीण टांगून कित्येकदा उडवली आणि तिच्यातले बोलोमीटर ०.३ केल्व्हिनवर चालवले, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. माझं त्यांना एवढंच म्हणणं: सिद्धांताचं पुस्तक घ्याच, पण एक उन्हाळा बर्फाच्या कारखान्यात किंवा एसी दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली काढा. अर्जात ते लिहायला लाजू नका. माझ्यासारखी कुणी तो अर्ज वाचणारी असेल तर पहिली तीच ओळ वाचेल.

आप्पा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. केंद्रावरचा त्यांचा पाना आणि गंधकाच्या काड्यांचा पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर आहे. डब्यात दोन काड्या शिल्लक आहेत.

सध्या माझ्या हातात न्यूअथेना या क्ष-किरण दुर्बिणीच्या संवेदकांशी संबंधित चाचण्या आहेत. आजचं वेळापत्रक प्रक्षेपण २०३७ साली सांगतं. त्या वर्षी मी सदुसष्टची होईन, म्हणजे पेन्शनीच्या उंबरठ्यावर. माझ्या एकतीस वह्या, वेळेच्या नोंदींसकट, दुसऱ्या मजल्यावरच्या करड्या कपाटात खालच्या खणात लावून ठेवल्यात. कपाटाला कुलूप नाही.